बांधावर जमते ते मंचावर का जमत नाही? मोठ्या सभेपुढे बोलण्याच्या भीतीविषयी

प्रश्न : बांधावरची (जि. परभणी)

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यात कृषी सहायक म्हणून काम करते. माझी अडचण काहींना विचित्र वाटेल, कारण लोकांशी बोलणे हेच माझ्या नोकरीचे अर्धे काम आहे. शेतकऱ्याच्या बांधावर उभी राहून कापसावरच्या गुलाबी बोंडअळीविषयी किंवा सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅकविषयी मी तासभर न अडखळता बोलू शकते. शेतीशाळेला पंचवीस-तीस शेतकरी झाडाखाली बसतात, तेथेही मला भीती वाटत नाही. उलट कोणी खोचक प्रश्न विचारला तर बोलण्याला रंगच चढतो. मात्र मंडप घातलेला असला, समोर पाचशे-सहाशे खुर्च्या भरलेल्या असल्या, हार-शालींचे सत्कार उरकले आणि सूत्रसंचालकांनी माझे नाव पुकारले, की तोंडाला कोरड पडते, आवाज बारीक होतो, हातातला कागद थरथरू लागतो आणि ज्या औषधांची नावे मी रोज घेते ती ऐन वेळी ओठांवर येत नाहीत.

रब्बीच्या तोंडावर आमच्या तालुक्याच्या शेतकरी मेळाव्यात ‘हरभऱ्यावरील मर रोग आणि बीजप्रक्रिया’ (म्हणजे पेरणीपूर्वी बियाण्याला औषध लावणे) या विषयावर मला पंधरा मिनिटे बोलायचे आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात 18 मे रोजी खरिपाचा आणि 17 सप्टेंबरला रब्बीचा मेळावा भरतो. तेथे श्रोत्यांत बसून मी पाहिले आहे की काही तज्ज्ञ हजारो लोकांपुढे अगदी सहज बोलतात, तर त्याच विषयात तितकेच जाणकार असलेले दुसरे कोणी कागदातून डोके वर काढत नाहीत. म्हणजे हा ज्ञानाचा प्रश्न नव्हे, एवढे माझ्या लक्षात आले आहे.

मला आजवर दोन सल्ले मिळाले. एक, भाषण पाठ करावे. ते केले तर एक वाक्य निसटते आणि त्याच्या मागची सगळी निघून जातात. दुसरा, समोर माणसे नसून दगडधोंडे बसले आहेत असे समजावे. हा सल्ला मला पटतच नाही, कारण ज्यांच्यासाठी बोलायचे त्यांनाच दगड समजले तर बोलायचे तरी कोणाशी? हा माझा लाजरा स्वभाव आहे की केवळ सवयीचा अभाव, आणि महिनाभरात यात काही फरक पडू शकतो का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : निवृत्त शिक्षक (अंबाजोगाई)

ताई, पाठांतराबद्दल तुम्ही जे लिहिले आहे त्याचे मूळ आम्हा शिक्षकांकडे येते, असे माझे मत आहे. आपल्याकडील जिल्हा परिषदेच्या शाळांत 15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि मुक्तिसंग्राम दिनाला मुलांची भाषणे होतात. त्यांतले कोणतेही भाषण काढा, ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, मी जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती’ अशीच त्याची सुरुवात असते. वाक्ये दुसऱ्याची, शब्द दुसऱ्याचे, आणि मूल समोरच्या कोणाकडेही न पाहता भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत ती एका दमात म्हणून टाकते. ज्याच्या तोंडून ती सलग येतात त्याला बक्षीस मिळते आणि जो मध्येच थांबतो त्याला वर्गाचे हसणे मिळते. अशा रीतीने भाषण म्हणजे न विसरण्याची परीक्षा, ही समजूत दहाव्या वर्षीच पक्की होते आणि पुढे माणूस अधिकारी झाला तरी मंच दिसताच तो पुन्हा त्या परीक्षेला बसतो. बांधावर मात्र तुमची कोणी परीक्षा घेत नसते. तेथे शेतकऱ्याला उत्तर हवे असते आणि ते तुमच्याकडे असते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की सुरुवातीची दोन वाक्ये आणि शेवटचे एक वाक्य सोडून काहीही पाठ करू नये. मधल्या भागासाठी चार-पाच मुद्दे ठळक अक्षरांत एका पुठ्ठ्यावर लिहावेत. कागद थरथरतो, पुठ्ठा थरथरत नाही. दुसरा सल्ला भाषेविषयीचा आहे. मंचावर गेल्याबरोबर आपली माणसे पुस्तकी मराठी बोलू लागतात, म्हणजे विषय सांगणे आणि त्याच वेळी भाषा सावरणे अशी दोन कामे एकदम अंगावर घेतात. जिंतूर-मानवतच्या शेतकऱ्यांना तुम्ही बांधावर ज्या बोलीत समजावता त्याच बोलीत मेळाव्यातही समजवा. पुण्या-मुंबईचे पाहुणे व्यासपीठावर असले तरी भाषण त्यांच्यासाठी नाही.

गांधीजींचा दाखला या विषयावर हमखास दिला जातो. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीसाठी ते उभे राहिले, त्यांच्या तोंडून शब्द फुटेना आणि घेतलेली 30 रुपयांची फी परत करून ते बाहेर पडले, एवढे सर्वांना माहीत असते. मला त्याच्या पुढचा भाग अधिक उपयोगाचा वाटतो. त्यानंतर फार काळ न लोटता, 1893 मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियात भारतीय व्यापाऱ्यांच्या सभेत त्यांनी भाषण केले आणि ते आपल्या आयुष्यातले पहिले जाहीर भाषण असल्याचे त्यांनी लिहून ठेवले आहे. विषय होता व्यापारातील सचोटी. न्यायालयात ते दुसऱ्याच्या भांडणात उसने उभे होते. प्रिटोरियात सांगण्यासारखे काही त्यांच्यापाशी स्वतःचे होते आणि त्याची त्यांनी तयारीही केली होती.

जाता जाता आपल्या भागाविषयी एक गोष्ट लिहितो. निजामी अंमलात सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे; गश्ती निशाण 53 या नावाने तो हुकूम जुन्या माणसांच्या चांगलाच लक्षात होता. वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होई. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला मराठीतून जाहीरपणे बोलण्याची जागा राहिली ती मुख्यतः कीर्तन, मेळे आणि ग्रंथालये यांच्या आडोशाने. त्यामुळे कीर्तनाच्या फडातील कोणी येथे असेल तर त्याने अवश्य लिहावे. या बाबतीत आमच्या शाळांपेक्षा त्यांची शिकवण्याची पद्धत मला उजवी वाटते.

उत्तर : मानसशास्त्राचा अध्यापक (लातूर)

आपल्या प्रश्नातील पहिल्या भागाचे उत्तर आधी देतो. आपण लाजऱ्या नाही. लाजरेपणा हा स्वभावाचा भाग असतो, काही अंशी उपजतही असतो, आणि तो अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलतानाही जाणवतो. आपण वर्णन केले आहे ती सभाभीती आहे. ती गप्पिष्ट माणसालाही असू शकते आणि उलटपक्षी, एरवी अबोल असलेला माणूस मंचावर निर्धास्त असू शकतो. या दोहोंची गल्लत झाली की माणूस स्वभाव बदलण्याच्या मागे लागतो, जे अवघडही असते आणि अनावश्यकही.

आता शरीराविषयी. पुष्कळ डोळे आपल्याकडे लागले की मेंदू त्याचा अर्थ धोका असा लावतो आणि अ‍ॅड्रेनलिन रक्तात मिसळते. हृदयाचे ठोके वाढतात, मोठ्या स्नायूंकडे अधिक रक्त जाते, बोटे गार पडतात, लाळ कमी होते, गळ्याभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि श्वास उथळ होतो. कोरड, कंप आणि बारीक आवाज या आपल्या तिन्ही तक्रारी येथूनच येतात. धीर देणारी बाब अशी की ही लाट बोलायला उभे राहण्याच्या सुमारास सर्वांत उंच असते आणि बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या काही मिनिटांत ओसरू लागते. म्हणून पंधरा मिनिटांच्या भाषणात खरी तयारी पहिल्या दोन मिनिटांची करावी, पुढचे भाषण आपल्याला येतेच आहे.

गर्दीने माणसाचे नेमके काय होते, यावर रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1965 मध्ये मांडलेला विचार आपल्याला विशेष उपयोगी पडेल. त्याचे म्हणणे असे की पाहणारे असले की जी कृती अंगवळणी पडलेली असते ती अधिक चांगली होते आणि जी कच्ची असते ती अधिक बिघडते. 1969 मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी हे चक्क झुरळांवर तपासले. आपण कीटकांशी रोज झुंजता म्हणून मुद्दाम सांगतो. सरळ मार्गावर धावणारी झुरळे दुसरी झुरळे ‘प्रेक्षक’ म्हणून बसवल्यावर अधिक वेगाने धावली आणि वळणाच्या मार्गावरची झुरळे मात्र अधिक वेळ चुकत राहिली. आपल्या बाबतीत बांधावरचे बोलणे ही अंगवळणी पडलेली कृती आहे आणि ‘भाषण करणे’ ही कच्ची कृती आहे. गर्दीपुढे दुसरी करायला गेलात तर ती बिघडणारच. पहिलीच कृती मंचावर नेता आली तर गर्दी आपल्याला मदत करील. ती कशी न्यायची हे आपण अधिक चांगले ठरवू शकाल, पण बीजप्रक्रिया हा विषय बोलण्यापेक्षा करून दाखवण्याचा आहे, एवढे माझ्यासारख्या शेती न कळणाऱ्यालाही समजते.

दुसरी गोष्ट म्हणजे, आपली धडधड समोरच्यांना जेवढी दिसते असे आपल्याला वाटते त्याच्या मानाने ती फारच कमी दिसते. थॉमस गिलोविच आणि केनेथ सवित्स्की यांनी यावर बरेच काम केले आहे. त्यांच्या 2003 मधील प्रयोगात काही वक्त्यांना ही गोष्ट भाषणापूर्वी नीट समजावून सांगण्यात आली, तेव्हा त्यांची भाषणे त्यांना स्वतःलाच नव्हे तर ऐकणाऱ्यांनाही अधिक चांगली वाटली. केवळ एक माहिती मिळाल्याने असा फरक पडावा, हे मला आजही विलक्षण वाटते. तसेच 2014 मध्ये अ‍ॅलिसन वूड ब्रूक्स यांनी दाखवले की ‘मी शांत आहे’ असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे म्हणणारे लोक भाषणात सरस ठरले. कारण उघड आहे. धडधडणारे हृदय शांत असल्याचे कोणालाही पटत नाही, पण तीच धडधड उत्साहाची आहे हे पटू शकते.

व्यासपीठावर बसल्या बसल्या करण्यासारखे एवढेच, की श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला अधिक वेळ द्यावा आणि तो सावकाश सोडावा. चहा-कॉफी त्या दिवशी बेताने घ्यावी, पाण्याची बाटली हाताशी ठेवावी.

एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. ठोके कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी भाषणापूर्वी घेतात असे ऐकून काही जण ती मेडिकल दुकानातून परस्पर आणतात. दम्याच्या रुग्णाला ती धोकादायक ठरू शकते आणि ज्यांचा रक्तदाब किंवा नाडीचा वेग मुळात कमी आहे त्यांनाही. डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय ती घेऊ नये. भीती मंचापुरती न राहता बँकेत जाणे, फोन उचलणे, चारचौघांत जेवणे हेही माणूस कित्येक महिने टाळू लागला असेल, तर तो वेगळा त्रास आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. त्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. आपल्याला त्याची गरज दिसत नाही, परंतु हा धागा वाचणाऱ्या एखाद्याला असू शकते.

उत्तर : टाळकरी (ता. गेवराई, जि. बीड)

रामकृष्णहरी. गुरुजींनी आवाहन केले म्हणून लिहितो. मी कीर्तनकार नाही, त्यांच्या मागे टाळ घेऊन उभा राहणारा आहे. पण आमच्या भागात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात आणि सात दिवस सात कीर्तनकार जवळून पाहायला मिळतात, त्यावरून काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट अशी की कीर्तनकार कधीच एकदम पुढे येत नाही. पोर आठ-दहा वर्षांचे असताना टाळ घेऊन मागच्या रांगेत उभे राहते. लोक समोर बसलेले असतात, त्याच्याकडेही पाहत असतात, पण त्याला बोलायचे काहीच नसते. नुसते पावली टाकायची आणि ताल धरायचा. पुढे कधी चाल म्हणायला मिळते, मग कधी हरिपाठाला पुढे उभे राहायला मिळते, मग पहाटे काकड्याच्या वेळी, जेव्हा मोजकीच म्हातारी माणसे असतात, तेव्हा चार शब्द बोलायला मिळतात. रात्रीच्या कीर्तनाची पाळी येईपर्यंत त्याची नजर गर्दीला सरावलेली असते. ताई, तुम्हाला महिनाभराचा अवधी आहे. तोवर होणाऱ्या दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत न बोलता नुसते व्यासपीठावर बसायला मिळाले तरी बसा, आभार मानण्याचे काम मिळाले तर ते मागून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे कीर्तनाची सुरुवात ठरलेली असते. आधी ‘जय जय रामकृष्णहरी’चे भजन, मग ठरलेले अभंग, आणि नंतर महाराज सेवेच्या, म्हणजे ज्यावर निरूपण करायचे त्या, अभंगाकडे वळतात. या सुरुवातीला डोके चालवावे लागत नाही. त्या वेळात घसा मोकळा होतो, माईकचा अंदाज येतो, कोण कोण आले आहे ते दिसते. सरांनी जी पहिल्या काही मिनिटांची लाट सांगितली ती आमच्याकडे भजनातच ओसरून जाते. मोठमोठे कीर्तनकारही उभे राहताना घाबरलेले मी पाहिले आहेत. वीणेकऱ्याच्या पाया पडताना त्यांचे हात थंडगार असतात. भजनानंतर तोच माणूस दोन तास लोकांना जागचे हलू देत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. महाराज बोलता बोलता थांबतात, अभंगाचे चरण गायकाकडे देतात आणि आम्ही चाल धरतो. लोकांना वाटते कीर्तन रंगले म्हणून गाणे सुरू झाले. तसे असतेही, पण पुष्कळदा महाराजांना पुढचा दृष्टान्त आठवायचा असतो, घोटभर पाणी प्यायचे असते. थांबण्याची सोय कीर्तनातच करून ठेवलेली आहे आणि ते थांबणे कोणाला खटकत नाही. तुमच्या भाषणात गायक नाही, पण शेतकरी आहेत. ‘मागच्या वर्षी कोणाच्या हरभऱ्याला मर लागली होती, हात वर करा’ असे म्हणा. हात वर होईपर्यंत, लोक एकमेकांकडे पाहीपर्यंत तुम्हाला तेवढी उसंत मिळते, आणि वर गेलेले हात पाहिले की समोरची गर्दी पुन्हा तुमची शेतीशाळा होते.

कीर्तनकार उभा राहतो ती नारदाची गादी, असे आम्ही मानतो. तेथे वीस वर्षांचा पोर उभा असला तरी सत्तर वर्षांचा माणूस त्याच्या पाया पडतो, कारण तो मान त्या पोराचा नसतो. हे ध्यानात असलेल्या पोराला फार भीती वाटत नाही. ज्यांच्या मनात स्वतःचे नाव गाजवायचे असते तेच जास्त घामाघूम होतात, असा माझा तरी अनुभव आहे.

उत्तर : माजी सरपंच (ता. कळमनुरी, जि. हिंगोली)

वरची तिन्ही उत्तरे वाचली, चांगली आहेत, पण एक बाजू कोणीच मांडली नाही म्हणून लिहिते. उत्तरे देणारे तिघेही पुरुष आहेत आणि विचारणारी बाई आहे.

सर म्हणतात की आपली धडधड लोकांना फारशी दिसत नाही. ते खरे असेल. पण बाई मंचावर उभी राहिली की लोक तिची धडधड नव्हे तर तिची साडी, तिचा पदर, ती कोणाची कोण, हे पाहत असतात, आणि हा आमच्या मनाचा खेळ नाही. 2011 पासून राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्यामुळे माझ्यासारख्या पुष्कळ जणी खुर्चीवर आल्या, पण ग्रामसभेत बोलायची वेळ आली की ‘तुमच्या मालकांना बोलू द्या’ असे सांगणारा कोणीतरी असतोच. तेव्हा तोंडाला कोरड पडली तर तिला सभाभीती म्हणावे की आणखी काही, हे सरांनीच सांगावे. श्वास कितीही सावकाश सोडला तरी मध्येच बोलणारा माणूस गप्प होत नाही.

मला उपयोगी पडले ते सांगते. नियमाने ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. पुष्कळ ठिकाणी ती केवळ रजिस्टरवर होते. आम्ही ती खरोखर घ्यायला सुरुवात केली. त्या सभेत मी जे बोलत असे तेच दुसऱ्या सभेत पुन्हा बोलत असे, म्हणजे सरावही होई आणि समोर बसलेल्या बायकांना विषय आधीच ठाऊक असे. बचत गटाच्या बायका पुढच्या रांगेत बसवल्या. पुढची रांग आपली असली की मागच्या आवाजाचे काही वाटत नाही. आणि कोणी मध्ये बोलले तर त्याला उत्तर न देता ‘विषय क्रमांक तीन’ असे मोठ्याने म्हणायचे, तो आकडा हाताला धरून पुढे जायचे.

ताई, तुमच्या मेळाव्यात बायका येतील का, आणि आल्या तर कोठे बसतील, हे आधी विचारून घ्या. हरभऱ्याला बीजप्रक्रिया पुष्कळ घरांत बायकाच करतात, आणि मेळाव्यात मात्र त्या शेवटच्या रांगेत मंडपाच्या कनातीला टेकून बसलेल्या असतात. त्या पुढे बसल्या तर तुम्हालाही बरे आणि हरभऱ्यालाही.

मानसशास्त्राचा अध्यापक (लातूर)

माजी सरपंचांचा आक्षेप मला मान्य आहे. भीतीचे कारण बाहेर असेल तर उपायही बाहेरच करावा लागतो, आणि पुढची रांग बदलणे हा तसाच उपाय आहे. माझे म्हणणे त्या भीतीपुरतेच समजावे जी कोणीही आडवे येत नसताना वाटते. प्रश्नकर्त्या ताईंच्या बाबतीत दोन्हींची सरमिसळ असणे अगदी शक्य आहे.

उत्तर : मंडप-माईकवाला (सेलू)

तज्ज्ञांच्या चर्चेत माझे काम नाही, पण भाषण पडण्याची काही कारणे आमच्या हद्दीतली असतात म्हणून थोडक्यात लिहितो.

मोकळ्या मैदानात दूरवर कर्णे लावलेले असतात. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे शंभरेक मीटरवरच्या कर्ण्याचा आवाज तुमच्या कानावर पाव सेकंदाहून जास्त उशिराने परत येतो. नव्या वक्त्याला आपलेच शब्द मागून ऐकू आले की तो गडबडतो, आणि त्याला वाटते आपण घाबरलो. घाबरण्याचा त्यात काही संबंध नसतो. वाक्य लहान ठेवायचे आणि वाक्य संपले की क्षणभर थांबायचे. मैदानात सगळे जुने वक्ते असेच सावकाश बोलतात.

माईक तोंडापासून चार बोटांवर, हनुवटीच्या किंचित खाली धरावा. त्याची जाळी मुठीत धरू नये आणि माईक घेऊन कर्ण्यासमोर जाऊ नये, नाहीतर शिट्टी वाजते. फुंकर मारून किंवा टिचक्या मारून तपासू नये. कार्यक्रमाच्या तासभर आधी आम्ही जोडणी करत असतो, तेव्हा येऊन दोन वाक्ये बोलून पाहिली तर कोणताही माईकवाला नाही म्हणणार नाही. पण कोणी येतच नाही.

प्रश्नकर्ती : बांधावरची (जि. परभणी)

सर्वांचे मनापासून आभार. गुरुजी, तुमच्या सांगण्यावरून मी पाठांतराचा कागद बाजूला ठेवला आहे आणि मुद्दे पुठ्ठ्यावर घेतले आहेत. सरांनी सुचवल्याप्रमाणे ‘भाषण’ न करता बीजप्रक्रिया करूनच दाखवायचे मी ठरवले आहे. टेबलावर घमेल्यात हरभऱ्याचे बियाणे ठेवीन, हातमोजे घालीन आणि क्रमाने दाखवीन की रासायनिक बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, कीटकनाशक त्यानंतर आणि रायझोबियम व पीएसबी ही जिवाणू खते सर्वांत शेवटी, आणि मग बियाणे सावलीत वाळवायचे. मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहते, त्यामुळे पेरणीनंतर हळहळून उपयोग नसतो, हे सांगायला मला कोणत्याही कागदाची गरज नाही. हाताला काम असले की माझा आवाज आपोआप ठिकाणावर येतो, हे शेतीशाळेत अनेकदा लक्षात आले होते; त्याचा मंचाशी संबंध जोडला नव्हता.

टाळकरी दादांचा हात वर करायला लावण्याचा उपाय मी सुरुवातीलाच ठेवणार आहे. सरपंच ताईंनी लिहिल्यावर संयोजकांना फोन केला. महिला बचत गटांना निमंत्रण गेलेच नव्हते, ते आता जाईल, आणि डावीकडच्या पहिल्या दोन रांगा त्यांच्यासाठी ठेवण्याचे त्यांनी कबूल केले आहे. सत्कार चालू असताना तासभर व्यासपीठावर बसून राहण्याची मला सर्वांत धास्ती असते, म्हणून माझा विषय येईपर्यंत खालीच, टेबलाची मांडणी करत थांबण्याची परवानगीही मागून घेतली आहे.

आता मंडपवाल्या दादांना एक विचारायचे आहे. दोन्ही हात बियाण्यात असतील तर माईक धरायचा कसा? कॉलरला लावायचा माईक संयोजकांकडे आहे म्हणतात.

मंडप-माईकवाला (सेलू)

ताई, मोकळ्या मैदानात कॉलर माईकच्या भानगडीत पडू नका. वारा असला तर तो फडफड ओढतो आणि आवाज वाढवला की शिट्टी मारतो. त्यापेक्षा स्टँडचा माईक टेबलाच्या पुढे लावून घ्या, दांडी वाकवून त्याचे तोंड तुमच्या हनुवटीकडे येईल असे करा, आणि घमेले दाखवताना वाकलात तरी बोलायचे ते पुन्हा सरळ उभे राहून बोला. टेबल कर्ण्यांच्या रांगेच्या मागे हवे, पुढे नको. आणि टेबलावर पांढरी चादर टाकायला सांगा, म्हणजे औषध लावलेल्या बियाण्याचा रंग मागच्या रांगेपर्यंत दिसेल.